पाच जणांचं टेबल आणि थांबलेलं सेविचे

माद्रिद, शनिवारची दुपार, पेरू देशाच्या जेवणाचं हॉटेल, दीडचं बुकिंग, टेबल पाच जणांचं. मुलगी आणि जावई तिथेच नोकरीला. मुलीला सातवा महिना लागला म्हणून आई-बाबा पुण्याहून आलेले, सोबत बाबांची थोरली बहीण. बाबा मूळचे मालवणचे, मासा म्हटलं की पाटावर आधी जाऊन बसणारे. आत्यांनी पंढरीची माळ घातल्यापासून मांस, मासे, अंडं, दारू सगळं बंद. जावयाला अक्रोडाची ॲलर्जी. मुलीला डॉक्टरांनी कच्चं काही खाऊ नको म्हणून बजावलेलं. आईला सगळं चालतं, पण इतरांच्या ताटात काय पडलं ते बघितल्याशिवाय तिचा घास उचलत नाही.

हे टेबल कुठल्या एका हॉटेलातलं नाही. अशा मंडळींचं अशा हॉटेलात जे होतं ते इथे एका दुपारीत बसवलं आहे.

जेवण वाईट नव्हतं. तरी दोन ताटल्या सेविचे (लिंबाच्या रसातला कच्चा मासा) वाया गेलं, आत्या पाऊण तास भाजलेले मक्याचे दाणे चावत बसल्या आणि जावयाच्या पुढ्यात येऊ घातलेली अक्रोडाची भानगड थोडक्यात टळली. यात स्वयंपाक्याच्या हातची चूक एकही नाही. जे बिघडलं ते ऑर्डर देतानाच्या पाच मिनिटांत बिघडलं.

हॉटेल कसलं आणि मेन्यूकार्ड कसं वाचायचं

पेरू म्हटल्यावर आपल्या डोळ्यांपुढे फळ येतं, त्याला इलाज नाही. देशाच्या जेवणाचं म्हणाल तर माद्रिदमध्ये ते तीन पायऱ्यांवर मिळतं. ग्रान व्हिया या मोठ्या रस्त्याच्या मागच्या मोस्तेन्सेस मंडईसारख्या ठिकाणी गाळ्यांवर, तेतुआनसारख्या वस्त्यांतल्या घरगुती हॉटेलांत, आणि मग पांढऱ्या टेबलक्लॉथवाल्या महागड्या ठिकाणी, जिथे जपानी-पेरुवियन मिश्रण चिमट्याने मांडून देतात. आपलं टेबल मधल्या पायरीवरचं. मालक पेरूच्या राजधानीचा, लिमाचा, किचनमधली माणसं पेरूचीच, वेटर त्यांतलाच कुणी किंवा स्पॅनिश.

हा शेवटचा मुद्दा वाटतो तेवढा किरकोळ नाही. भाषा एकच असली तरी स्वयंपाकघरातले शब्द दोन्हीकडे वेगळे. स्पेनमध्ये बटाटा ‘पाताता’, पेरूत ‘पापा’. ॲव्होकाडो इकडे ‘आग्वाकाते’, तिकडे ‘पाल्ता’. रताळं इकडे ‘बोनियातो’, तिकडे ‘कामोते’. शेंगदाणा इकडे ‘काकावेते’, तिकडे ‘मानी’. पेरूच्या माणसाने ‘लिमोन’ म्हटलं की त्याच्या मनात हिरवं लिंबू असतं, स्पॅनिश माणसाच्या मनात पिवळं. स्पेनमध्ये राहून स्पॅनिश शिकलेल्या मुलीने काकावेतेबद्दल विचारून खात्री करून घेतली आणि मेन्यूकार्डावर मानी लिहिलेलं असलं, तर तिची खात्री फुकट. ॲलर्जीचा पदार्थ दोन्ही शब्दांनी विचारावा.

मेन्यूकार्डाचे भाग साधारण असे: ‘पिकेओस’ किंवा ‘एन्त्रादास’ म्हणजे सुरुवातीचे पदार्थ, मग सेविचे आणि तिरादितो (कच्च्या माशाचे पातळ काप), मग ‘फोन्दोस’, म्हणजे भाताबरोबरचे मुख्य पदार्थ, शेवटी ‘पोस्त्रेस’, गोड. ही वर्गवारी नाही, हा क्रम आहे. आधी थंड, मग गरम. आपल्याकडे ताट एकदम वाढून येतं आणि प्रत्येकाचं ताट वेगळं. इथे ताटल्या टेबलाच्या मध्ये येतात, जशा तयार होतील तशा येतात आणि सगळ्यांनी त्यांतून घ्यायचं असतं. पाच जणांनी पाच ‘आपापले’ पदार्थ मागवले की इथली सगळी गाडी रुळावरून उतरते. या टेबलावर नेमकं तेच झालं.

बसल्याबरोबर एक वाटी येते ती ‘कांचा’. तेलात परतून भाजलेले मक्याचे दाणे, खारे, बाहेरून कुरकुरीत, आतून पिठूळ. लाह्या होता होता राहिलेले म्हणा. सोबत एखादी पिवळी किंवा हिरवी तिखट चटणी. बहुतेक ठिकाणी याचे पैसे लागत नाहीत. भुकेल्या माणसाने यावर ताव मारला की पुढचं जेवण अर्ध्यावर राहतं.

ऑर्डर

मुलीने सगळ्यांना विचारून एका दमात सांगितलं: बाबांना आणि आईला दोन सेविचे, जावयाला आही दे गायिना (दाट रश्श्यातली कोंबडी), स्वतःला लोमो साल्तादो (परतलेलं बीफ), आत्यांना ‘वेखेताल’, म्हणजे भाजीचं, काउसा (बटाट्याचे थर) आणि ताकू ताकू (भात-उसळीचा खरपूस गोळा). प्यायला बाबांना पिस्को सावर (दारूचं आंबट-गोड पेय), बाकीच्यांना चिचा मोरादाचा (जांभळ्या मक्याच्या सरबताचा) एक जग. वेटरने लिहून घेतलं, हसला, गेला. सात मिनिटांत दोन्ही सेविचे टेबलावर.

बाबांनी काटा उचलला तेवढ्यात आई म्हणाली, “अहो, थांबा जरा. वन्संचं येऊ दे.”

“अगं, माझ्यासाठी कशाला थांबता? घ्या तुम्ही,” असं आत्या दोनदा म्हणाल्या. अर्थातच कुणी घेतलं नाही. ताकू ताकू यायला आणखी वीस मिनिटं होती.

त्या वीस मिनिटांत बशीत काय चाललं होतं

सेविचे म्हणजे लिंबाच्या रसात घातलेला कच्चा मासा, एवढंच बहुतेकांना माहीत असतं. खरी गंमत वेळेत आहे.

माद्रिदमध्ये यासाठी कॉर्विना किंवा लुबिना वापरतात. कॉर्विना हा आपल्या घोळ-ढोम्यांच्या कुळातला, घट्ट पांढऱ्या मांसाचा मासा. त्याचे दीड ते दोन सेंटीमीटरचे चौकोनी तुकडे करतात, एका ताटलीला दोनशे ग्रॅमच्या आसपास. भांडं आधीच बर्फावर थंड केलेलं. पहिल्यांदा मीठ, ते मिनिटभर मुरू द्यायचं. मग बारीक चिरलेली आही लिमो मिरची आणि कोथिंबीर. मग लिंबू, आणि ते अर्ध्यापर्यंतच पिळायचं. शेवटच्या थेंबापर्यंत दाबलं की सालीचा आणि पापुद्र्यांचा कडवटपणा रसात उतरतो, आणि थंड पदार्थात कडवटपणा कशानेच लपत नाही. रस घातल्यावर बर्फाचा एक खडा भांड्यात फिरवून काढून टाकतात. आंबटपणाची धार थोडी बोथट होते आणि मासा गारच राहतो. उभा, कागदासारखा पातळ चिरून पाण्यातून काढलेला लाल कांदा शेवटी. बाजूला उकडलेलं रताळं, चोक्लो म्हणजे टपोऱ्या दाण्यांचा अँडीजमधला मका, आणि सगळ्यांखाली साठलेलं पांढुरकं आंबट पाणी. त्याचं नाव ‘लेचे दे तिग्रे’, वाघाचं दूध.

पेरूत यासाठी जे लिंबू वापरतात ते आपलं कागदी लिंबू, वनस्पतीची जात तीच. माद्रिदमध्ये सहसा मिळतं ते मोठं, बिनबियांचं हिरवं लिंबू. रस भरपूर, वास कमी. म्हणून इथले स्वयंपाकी लेचे दे तिग्रेमध्ये आलं, लसूण, सेलेरी आणि थोडा माशाचा स्टॉक वाटून चव भरून काढतात. पुण्यात घरी कागदी लिंबू वापरून कुणी सेविचे केलं तर वासाच्या बाबतीत ते माद्रिदपेक्षा लिमाच्या जवळचं होईल. माशाच्या बाबतीत काय करायचं ते खाली येतं.

लिंबातल्या आम्लाने माशाची प्रथिनं आवळतात. आचेवर होतं तसंच, फक्त आच नाही. तुकडा बाहेरून पांढरा होत जातो आणि आत अजून काचेसारखा असतो, तेव्हा तो खायचा. ही अवस्था पाच-सात मिनिटांची. नंतर आम्ल आत पोचतं, तुकडा मध्यापर्यंत पांढरा पडतो आणि दाताखाली खडूसारखा लागतो. त्याच वेळी मीठ आपलं काम करतच असतं: कांद्याला पाणी सुटतं, माशाला पाणी सुटतं, आणि वाघाचं दूध ताकाचं पाणी होतं. जुन्या पद्धतीत मासा लिंबात तासन्‌तास ठेवायचे, तेव्हा सगळीकडे असंच मिळे. आजचं लिमाचं सेविचे बशीत येतं ते खायच्या क्षणी येतं. त्याला झाकून ठेवणं, नंतर घेऊ म्हणणं, पार्सल नेणं, यातलं काहीच चालत नाही.

तर या टेबलावरची दोन सेविचे आईच्या चांगुलपणाने मेली. बाबांनी अखेर पहिला घास घेतला आणि त्यांचा चेहरा बघण्यासारखा झाला. कच्च्या माशाची भीती घालून आणलेला माणूस ‘हा तर जास्त शिजलाय’ म्हणाला.

थंड पदार्थांचं काउंटर आणि गरम पदार्थांची भट्टी या किचनमधल्या दोन वेगळ्या जागा. थंडवाला पाच मिनिटांत मोकळा होतो. ताकू ताकूला तव्यावर खरपूस पापुद्रा धरायलाच पंधरा-वीस मिनिटं लागतात. सगळं एकदम सांगितलं तर सेविचे आधी येणार, हे ठरलेलंच. तेव्हा एकत्र सुरुवात करायचीच असेल तर दोन रस्ते आहेत. शाकाहाऱ्याचा पहिला पदार्थही थंडच निवडा, म्हणजे तो सेविचेबरोबर बाहेर पडेल. नाहीतर वेटरला सांगा की सेविचे अमुक पदार्थाबरोबर आणा. कांदा-मासा चिरून तयार ठेवतील आणि लिंबू शेवटी पिळतील. चांगल्या हॉटेलात ही विनंती कुणाला खटकत नाही. उलट माणूस जाणकार आहे हे किचनला कळतं.

कच्च्या माशाच्या धोक्याबद्दल एक मोठा गैरसमज आहे की लिंबाने सगळं मरतं. मरत नाही. समुद्री माशांत अनिसाकिस नावाचा बारीक सुतासारखा कृमी असतो, त्याला लिंबू, मीठ, व्हिनेगर काही करत नाही. त्याला मारते ती थंडी. म्हणूनच स्पेनमध्ये २००६ पासून हॉटेलांना बंधन आहे: कच्चा किंवा जेमतेम मुरवलेला द्यायचा मासा उणे २० अंशांना किमान २४ तास गोठवलेला हवा. घरचा फ्रीझर तेवढ्या लवकर गाभ्यापर्यंत पोचत नाही, म्हणून घरी करणाऱ्यांना पाच दिवस ठेवायला सांगतात. पण गोठवण्याने कृमी मरतात, जिवाणू नाही. त्यामुळे सातव्या महिन्यातल्या मुलीने सेविचेला हात लावला नाही हे बरोबरच होतं. तिच्यासाठी ‘एक घास घे गं, काही होत नाही’ हा आग्रह कुणी केला नाही, हेही बरं.

आत्यांचं काय झालं

‘वेखेताल’ या शब्दावर स्पेनमध्ये विसंबू नये. इथल्या कुठल्याही बारमध्ये ‘सांदविच वेखेताल’ मागितलं तर पावात कोशिंबिरीबरोबर ट्यूना, उकडलेलं अंडं आणि मेयोनेज निघतं, आणि यात कुणाला काही वावगं वाटत नाही. वेखेताल म्हणजे भाजी असलेलं. फक्त भाजीच असलेलं, असं कुणी म्हटलेलं नाही.

काउसा हा खरं तर शाकाहाऱ्याला फार जवळचा पदार्थ. पिवळा बटाटा उकडून, पुरणयंत्रातून काढल्यासारखा मऊ करून, त्यात आही अमारियो मिरचीचं वाटण, लिंबू, तेल आणि मीठ मळायचं, आणि त्याचे दोन थर गार लावायचे. मध्ये सारण. बटाटा मूळचा अँडीजमधला. पोर्तुगीजांकडून आपल्याला शब्दासकट मिळालेली ही भाजी तिथे हजारो वाणांत पिकते. आंतरराष्ट्रीय बटाटा संशोधन केंद्र १९७१ पासून लिमातच आहे. काउसाला लागणारा पिवळा, पिठूळ वाण माद्रिदला सहसा मिळत नाही, म्हणून इथला ‘आग्रिया’ जातीचा बटाटा घेतात. रंग जमतो, पोत थोडा चिकट होतो. घोळ आहे तो मधल्या सारणात: कोंबडी, ट्यूना किंवा खेकडा, आणि ते नसलं तर ॲव्होकाडो. पण ॲव्होकाडोलाही बांधून ठेवायला मेयोनेज, आणि मेयोनेज म्हणजे अंडं. आत्यांच्या पुढ्यात आलेल्या काउसाच्या डोक्यावर तर उकडलेल्या अंड्याची चकती होती. ती काढून काही उपयोग नव्हता.

मग ताकू ताकू. शिळा भात आणि शिजवलेली घेवड्याची डाळ-उसळ एकत्र कुस्करून तव्यावर लांबट गोळा करतात आणि त्याला पापुद्रा आणतात. आपल्याकडच्या उरलेल्या भाताच्या फोडणीला जी घरगुती अक्कल आहे तीच इथे. वेटरने सांगितलं, “फक्त भात आणि फ्रेहोलेस.” फ्रेहोलेस म्हणजे घेवडा. तो खोटं बोलत नव्हता. पण मुलीने पुन्हा विचारलं, की उसळ शिजवताना काय घालता? वेटर किचनमध्ये जाऊन आला. उसळीत डुकराच्या पोटाचा तुकडा शिजवलेला होता. चवीसाठी. तो बाहेर काढलेला, म्हणून ‘फक्त भात आणि फ्रेहोलेस’.

इथे प्रश्न विचारण्याची पद्धत चुकली होती. ‘यात मांस आहे का’ या प्रश्नाला उत्तर मिळतं ते ताटलीत दिसणाऱ्या मांसाबद्दल. विचारायचं ते न दिसणाऱ्या चार जागांबद्दल: स्टॉक कशाचा, चरबी कशाची, तळणीचं तेल कुणाबरोबर वाटून घेतलेलं, आणि सॉसमध्ये काय. तळलेला युका म्हणजे कसावा मागवला तर तो त्याच तेलातून येतो जिथे आधी माशाची भजी तळली. ‘साल्तादो दे व्हेर्दुरास’, म्हणजे नुसत्या भाज्यांचं साल्तादो मागवलं तर सोया सॉसबरोबर त्यात कालवांचं सॉस जायची शक्यता बरीच. भाताचं म्हणाल तर पेरूत भात लसूण परतून करतात, पण काही ठिकाणी पाण्याऐवजी कोंबडीचा रस्सा. कडक शाकाहारी माणसाने एवढं तरी पाठ करावं: “सिन कार्ने, सिन पेस्कादो, सिन उएव्हो, सिन काल्दो.” मांस नको, मासा नको, अंडं नको, रस्सा नको. शेवटचा शब्द सगळ्यांत कामाचा.

आत्यांनी शेवटी जे खाल्लं ते पहिल्यापासून मेन्यूकार्डावर होतं. ‘पापा आ ला वांकाईना’: उकडलेल्या बटाट्याच्या चकत्यांवर आही अमारियो, ताजं चीज, आटवलेलं दूध, तेल आणि खारी बिस्किटं वाटून केलेली घट्ट पिवळी चटणी. वर अर्धं अंडं आणि एक काळा ऑलिव्ह असतो. अंडं सांगून वगळता येतं. बिस्किटांमुळे यात गहू आहे, गव्हाचं पथ्य असणाऱ्याने लक्षात ठेवावं. सोबत ‘चोक्लो कोन केसो’, उकडलेल्या टपोऱ्या मक्याचं कणीस आणि चीजचा जाड तुकडा. आरेकीपाकडचं ‘सोल्तेरितो’ असेल तर आणखी छान: सोललेले ओले बाकला दाणे, मका, चीज, ऑलिव्ह, टोमॅटो, कांदा. हे तिन्ही पदार्थ थंड किंवा कोमट, म्हणजे सेविचेबरोबर टेबलावर येणारे! एवढी एक निवड आधी झाली असती तर माशालाही थांबावं लागलं नसतं. चीजसाठी दूध जमवायला वापरलेलं रेनेट नावाचं द्रव्य प्राणिजन्य असू शकतं. ज्यांना तेही चालत नाही त्यांनी चीज सोडावं, वेटरला ते माहीत असण्याची शक्यता कमी.

अक्रोड

आही दे गायिना म्हणजे कोंबडीचे धागे काढून दाट पिवळ्या रश्श्यात घातलेले. रस्सा दाट कशाने होतो? दुधात भिजवलेल्या पावाने, किसलेल्या चीजने आणि वाटलेल्या अक्रोडांनी किंवा पिकान दाण्यांनी. नावात यातलं काही नाही, दिसण्यात तर नाहीच. रंग हळदीच्या वरणासारखा. जावयाने नावावरून ‘मिरचीतली कोंबडी’ असा अर्थ लावून मागवलं होतं.

टळलं ते कागदामुळे. युरोपीय संघात डिसेंबर २०१४ पासून हॉटेलांना १४ ठरावीक ॲलर्जीकारक घटकांची माहिती द्यावी लागते, सुट्या पदार्थांसाठीसुद्धा. कुठे मेन्यूकार्डावर आकडे किंवा चित्रं असतात, कुठे वेगळी वही. मागायची ती ‘कार्ता दे आलेर्खेनोस’, म्हणजे ॲलर्जीकारक घटकांची यादी. आईने (इतरांच्या ताटात बघणारी ती) चित्रांवर बोट ठेवून विचारलं, “हे बदामासारखं काय आहे रे?” ते होतं ‘फ्रुतोस दे कास्कारा’, कवचाच्या फळांचं चिन्ह: बदाम, अक्रोड, काजू, पिस्ता वगैरे. शेंगदाण्याचं चिन्ह वेगळं. बोलताना लोक ‘फ्रुतोस सेकोस’ म्हणतात, त्यात सुका मेवा सरसकट येतो. ॲलर्जीसाठी कागदावरचा शब्दच वापरावा.

पदार्थ बदलून जावयाने मुलीसारखं लोमो साल्तादो घेतलं. बीफच्या पट्ट्या, कांदा, टोमॅटो, मिरची मोठ्या आचेवर परतून त्यात सोया सॉस आणि व्हिनेगर. सोबत बटाट्याच्या तळलेल्या फोडी आणि भात, दोन्ही एकाच ताटलीत. पेरूत १८४९ पासून मजुरीला आलेल्या चिन्यांच्या कढईतून निघालेला पदार्थ. यात तक्रारीला जागा एकच: कढई भरपूर तापलेली नसेल तर मांसाला पाणी सुटतं, फोडी भिजतात आणि परतलेल्या पदार्थाचा रस्सा होतो. गर्दीच्या वेळी चार ऑर्डरी एका कढईत टाकल्या की असं होतं. शनिवारी दुपारी तीनला हा धोका जास्त, दीडला कमी. गरोदर बाईने मांस पूर्ण शिजवलेलं मागावं, “ब्यें एचो”, नाहीतर ते मध्ये लालसर येतं.

तिखटाचा मान

बाबांनी वेटरला हातानेच खूण करून ‘आणखी तिखट’ मागितलं. यात मराठी माणसाचा एक अभिमान असतो, आणि माद्रिदच्या किचनमध्ये त्याला सहसा धक्का लागत नाही, कारण स्पॅनिश गिऱ्हाइकाला तिखट झेपत नाही म्हणून इथे सगळं सौम्य करतात. आही अमारियोला तिखटापेक्षा फळासारखा वास जास्त. शिरा आणि बिया काढून, दोन-तीनदा उकळून वाटली की ती रंगापुरती उरते. पण वेटरने वाटीत जे आणलं ते रोकोतो होतं. गोल, टोमॅटोसारखी दिसणारी जाड सालीची मिरची, बिया काळ्याभोर. आपल्याकडची कुठलीच नेहमीची मिरची या जातीची नाही. लवंगी मिरची जिभेच्या टोकाला झोंबते आणि उतरते. रोकोतो उशिरा चढते, ओठांवर आणि घशात बसते. बाबांनी चमचाभर घेतली आणि पुढची दहा मिनिटं रताळं खाल्लं. सेविचेच्या बशीत रताळं असतं ते याच कामासाठी. पाण्याने आग उतरत नाही. रताळ्याने, चीजने, भाताने उतरते.

पेय, गोड आणि बिल

पिस्को सावरमध्ये पिस्को ही द्राक्षाची दारू, लिंबू, साखरेचा पाक, अंड्याचा पांढरा भाग आणि वर बिटर्सचे (कडवट अर्काचे) दोन-तीन थेंब. स्पेनमध्ये न शिजवता द्यायच्या पदार्थांत हॉटेलांना पाश्चराइज्ड अंडं वापरावं लागतं, त्यामुळे कच्च्या अंड्याची धास्ती नको. पण वरचा फेस इतका मऊ आणि पेय इतकं आंबट-गोड की दारू लक्षात येत नाही. पेरूच्या पिस्कोत अल्कोहोल ३८ टक्क्यांच्या खाली नसतं. एक पुरे.

चिचा मोरादा सगळ्यांना चालते. जांभळ्या मक्याची कणसं, अननसाच्या साली, दालचिनी, लवंग पाण्यात उकळून, गाळून, गार करून साखर आणि लिंबू. ‘चिचा’ नावाची आंबवलेली दारूही असते, तिचं नाव ‘चिचा दे होरा’. मोरादात दारू नाही. काही ठिकाणी पुडीतली देतात, ती रंगाने भडक आणि चवीला नुसती गोड. दालचिनी-लवंगेचा वास आला नाही की समजावं पुडीची आहे. पाच जणांना लिटरचा एक जग पुरतो. साधं पाणी ‘आग्वा देल ग्रिफो’ म्हणून मागावं. २०२२ च्या कायद्यानुसार नळाचं पाणी हॉटेलांनी फुकट द्यायचं असतं. न मागता बाटली आली तर ती बिलात येते.

गोडात आत्यांसाठी सुस्पिरो वगळावं लागलं. आटवलेल्या दुधाच्या खव्यासारख्या थरात अंड्याचा बलक, वरच्या फेसात पांढरा भाग आणि पोर्ट वाइन. माळकरी माणसाला एका पेल्यात तीन अडचणी. मग आल्या पिकारोनेस: लाल भोपळा आणि रताळं उकडून मैद्यात यीस्ट घालून आंबवलेलं सैल पीठ, ओल्या हाताने कढईत सोडून बोटाने मध्ये भोक पाडायचं. वरून पाक. पाक कशाचा, तर ‘चांकाका’चा, म्हणजे गुळाचा, त्यात संत्र्याची साल, दालचिनी, लवंग. पिठात बडीशेपेसारख्या ॲनिसचा वास. बहुतेक पाककृतींत अंडं नसतं. तरी पीठात अंडं आहे का आणि तळणी कुणाची, हे दोन प्रश्न इथेही विचारले. तळणी वेगळी होती. आत्यांनी पहिला तुकडा मोडला, पाकात बुडवला आणि म्हणाल्या, “हे आपले भोपळ्याचे घारगे की गं. गूळ आत घालायचा तो बाहेरून घातलाय.” पाककृतीचं वर्णन यापेक्षा नेमकं होत नाही.

बिलावर छापलेल्या किमतींत १० टक्के कर धरलेला असतो, वेगळा लागत नाही. टिप ऐच्छिक, नाण्यांत किंवा पाच टक्क्यांच्या आसपास ठेवतात, काही लोक ठेवतही नाहीत. पावाचे पैसे लावायचे असतील तर ते मेन्यूकार्डावर लिहिलेले असावे लागतात. बिल आपण ‘ला क्वेन्ता’ म्हणून मागितल्याशिवाय येत नाही. मात्र शनिवार-रविवारी बरीच हॉटेलं दुपारची दोन पाळ्यांत विभागणी करतात, दीडची आणि साडेतीनची. दीडला बसलेल्यांनी सव्वातीनपर्यंत उठायचं असतं. हे बुकिंग करताना सांगतात आणि लोक विसरतात. या टेबलाचा पाऊण तास सेविचे-ताकू ताकूत गेला, म्हणून पिकारोनेस घाईत खावे लागले.

तेच टेबल, तीच माणसं, वेगळी ऑर्डर

पहिल्या फेरीत एकच सेविचे, बाबा आणि आईत मिळून. एक ताटली दोघांना सुरुवातीला पुरेशी. त्याच्याबरोबरच वांकाईना बिनअंड्याची, दोन ताटल्या, म्हणजे एक आत्यांची पूर्ण आणि एक मधे सगळ्यांसाठी. सोबत एक चोक्लो कोन केसो. हे सगळं थंड काउंटरचं, एकदम बाहेर पडतं, आणि आईला कुणाला थांबवावं लागत नाही. वेटरला एवढंच सांगायचं: “प्रिमेरो लो फ्रिओ, तोदो हुन्तो.” आधी थंड, सगळं एकत्र.

ते संपत आलं की दुसरी फेरी सांगायची, आधी नाही. दोन लोमो साल्तादो चार जणांत, कारण प्रत्येक ताटलीत भात आणि बटाटे भरपूर असतात. आत्यांसाठी साधा भात (रस्सा नसलेला, हे विचारून), ॲव्होकाडो आणि ‘साल्सा क्रिओया’, म्हणजे लिंबू-कोथिंबिरीतला उभा चिरलेला कांदा. उसळ मात्र बिनमांसाची शिजवलेली असेल तरच. ज्या हॉटेलात ती रोज वेगळी शिजवतात तिथे बुकिंग करतानाच फोनवर सांगून ठेवलं तर ताकू ताकूही मिळतो. आदल्या दिवशी सांगावं. ऐनवेळी उसळ बदलता येत नाही, ती सकाळीच भांड्यात पडलेली असते.

पिकारोनेसची ऑर्डर दुसऱ्या फेरीबरोबरच द्यायची. पीठ फुगलेलं तयार असतं, पण ते मागणीनुसार तळतात, आणि गार झालेला पिकारोन पाक पिऊन लोळागोळा होतो.